विज्ञानाला सात खून माफ?

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडचा सोळा वर्षांचा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने तो भिंतीपासून पुढे ओढला, मागे वाकून थोडा वेळ काहीतरी ऐकलं आणि सांगितलं, "काका, कॉम्प्रेसर गेला." नवा बसवायचा तर आधी जुना काढायला हवा. त्याने मागची तांब्याची नळी कापली. 'फुस्स' असा आवाज चार-पाच सेकंद आला आणि थांबला.

"हे काय गेलं?" मी विचारलं.

"गॅस. नवीन भरून देतो ना, चार्जिंगचे पैसे धरलेत बिलात."

"आणि हा जुना?"

"हा गेला हवेत, काका." माझ्या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला कळलं नसावं.

जुन्या कॉम्प्रेसरवरच्या पाटीवर वायूचं नाव लिहिलेलं होतं: आर-१३४ए. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम असतो. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा १,४०० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे त्या चार-पाच सेकंदांत आमच्या स्वयंपाकघरातून सुमारे एकशे चाळीस किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं काहीतरी बाहेर पडलं. साठेक लिटर पेट्रोल जाळल्यासारखं.

त्या मुलाला नावं ठेवण्याचा माझा इरादा नाही. वायू परत गोळा करण्याचं यंत्र त्याच्याजवळ नव्हतं, ते त्याला कोणी दिलेलं नव्हतं, आणि तसं केलं म्हणून कोणी जास्तीचे पैसेही दिले नसते. मीही दिले नसते. कारण तोवर मला हे माहीतच नव्हतं. पण त्या रात्री या वायूबद्दल वाचत बसलो आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी पोचलो. हाच वायू, याच नावाने, माणसाने बांधलेल्या सगळ्यात मोठ्या वैज्ञानिक यंत्रात टनावारी वापरला जातो. आणि बरीच वर्षं तिथूनही तो असाच हवेत जात होता.

ते ठिकाण म्हणजे जिनिव्हाजवळची 'सर्न' ही प्रयोगशाळा. आपल्याकडे सर्न म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: २०१२ साली वर्तमानपत्रांत गाजलेला 'देवकण', आणि २००४ साली भारत सरकारने तिथे भेट दिलेली नटराजाची मूर्ती. या दोन्हींच्या आड राहिलेली तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विश्वाचं मूळ शोधणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कचऱ्याचं काय करायचं? आणि तो कचरा ज्ञानासाठी झाला, म्हणून तो माफ करायचा का?

*

आधी त्या वायूचं तिथे काय काम, ते पाहू. सर्नचा मोठा कोलायडर, म्हणजे एलएचसी, जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात बसवला आहे. त्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात आणि त्या टकरींतून निघालेले कण टिपायला चार जागी प्रचंड शोधयंत्रं उभी आहेत. त्यांपैकी 'अ‍ॅटलास' आणि 'सीएमएस' या दोन यंत्रांच्या बाहेरच्या थरांत चपट्या पेट्या असतात. बेकेलाइटचे दोन पत्रे, मधे दोन मिलिमीटरची फट, त्या फटीत वायू, आणि दोन्ही बाजूंना हजारो व्होल्टचा दाब. म्यूऑन नावाचा कण त्या फटीतून गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यांचा लोंढा होतो, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपासच्या अचूकतेने कळतं की इथून आत्ता काहीतरी गेलं. पत्र्यांची आतली बाजू गुळगुळीत राहावी म्हणून तिला चक्क जवसाच्या तेलाचा हात दिलेला असतो.

त्या फटीतल्या वायूत पंच्याण्णव टक्के आर-१३४ए, पाचेक टक्के आयसोब्युटेन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी सल्फर हेक्झाफ्लोराइड, अशी मूळ कृती आहे. यांतला तिसरा नावापुरता असला तरी कार्बन डायऑक्साइडच्या बावीस हजार पटींहून जास्त तापवतो. दुसऱ्या काही शोधयंत्रांत कार्बन टेट्राफ्लोराइड वापरतात. तो एकदा वातावरणात गेला की सुमारे पन्नास हजार वर्षं राहतो. पन्नास हजार वर्षांपूर्वी माणूस शेतीही करत नव्हता.

सर्नची स्थापना १९५४ सालची. तिचा पहिला जाहीर पर्यावरण अहवाल २०२० साली निघाला. त्यात २०१८ या वर्षाचे आकडे होते: संस्थेच्या आवारातून थेट बाहेर पडलेले वायू सुमारे १ लाख ९२ हजार टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे, आणि विकत घेतलेल्या विजेपोटी आणखी सुमारे ३२ हजार टन. थेट बाहेर पडलेल्या वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एलएचसीवरच्या प्रयोगांचा, म्हणजे मुख्यतः या फ्लोरिनयुक्त वायूंचा.

हे आकडे वाचून मी चकित झालो, ते त्यांच्या मोठेपणामुळे नव्हे, तर त्यांच्या वाटणीमुळे. सर्न वर्षाला साधारण १३० कोटी युनिट वीज खाते. कोणीही विचारलं असतं की या संस्थेचं पर्यावरणीय पाप कशात आहे, तर मी डोळे झाकून म्हटलं असतं, विजेत. चुंबक उणे २७१ अंशांवर ठेवायचे म्हणजे वीज लागणारच. पण ती वीज मुख्यतः फ्रान्सकडून येते आणि तिकडची बरीचशी वीज अणुभट्ट्यांतली, त्यामुळे तिच्यामागचा कार्बन कमी. खरं पाप होतं नळ्यांच्या सांध्यांत. मोजेपर्यंत हे बाहेरच्या कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. आपल्या दोषांबद्दलचा आपला अंदाज बहुतेक वेळा सगळ्यात ठळक दिसणाऱ्या गोष्टीवर बेतलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

*

आता मूळ प्रश्न. अशा संस्थेच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. तिन्ही मी प्रामाणिकपणे तपासून पाहिले, कारण मला सर्न आवडते आणि तिची सुटका झाली तर मला हवीच होती.

पहिला युक्तिवाद: हे प्रमाण नगण्य आहे. जगात कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यात सव्वादोन लाख टन म्हणजे किती? खसखशीएवढेही नाहीत.

हे गणित बरोबर आहे आणि तरीही ते काही सिद्ध करत नाही. डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात नीतीच्या हिशोबातल्या चुकांवर लिहिलं आहे. त्यातलं त्याचं एक काल्पनिक उदाहरण असं: हजार छळणारे आहेत आणि हजार बळी. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी किंचित वाढते की ती कोणाला जाणवतही नाही. हजारांनी बटणं दाबली की मात्र हजार माणसं असह्य वेदनेत असतात. मग छळ कोणी केला? 'माझ्यामुळे काहीच फरक पडला नाही' असं प्रत्येक जण खरं खरं सांगू शकतो. पारफिटचं म्हणणं असं की माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं एवढंच विचारणं ही हिशोबातली चूक आहे. मी इतरांसोबत मिळून काय केलं, हेही विचारायला हवं.

शिवाय 'नगण्य' हा शब्द आपण कशाने भागतो त्यावर ठरतो. सगळ्या जगाने भागलं तर सर्न नाहीशी होते. तिथे काम करणारे शास्त्रज्ञ आणि कर्मचारी मिळून साधारण पंधरा हजार धरले आणि त्यांनी भागलं, तर दर माणशी वर्षाला पंधराएक टन येतात. तेही फक्त कामाच्या ठिकाणचे. भारतातल्या माणसाचं घर, प्रवास, कारखाने सगळं धरून वर्षाचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. मी हा दुसरा भागाकार सर्नला आरोपी करायला केलेला नाही. भाजक निवडण्याचा अधिकार आरोपीकडे असू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुसरा युक्तिवाद: हेतू उदात्त आहे. इथे कोणी नफा कमवत नाही, शस्त्रं बनवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कालपर्यंत एकमेकांशी लढलेल्या देशांनी एकत्र येऊन ही प्रयोगशाळा उभी केली आणि इथलं संशोधन जगाला खुलं ठेवलं. हे सगळं खरं आहे आणि आदर वाटावा असंच आहे. पण उदात्त हेतूंशी आपला परिचय जुना आहे. आपण गणपती भक्तीनेच पाण्यात सोडतो, म्हणून पाणी रंगांना आणि प्लास्टरला कमी घाबरत नाही. हेतू करणाऱ्याच्या मनात असतो आणि परिणाम दुसऱ्याच्या अंगावर. हेतूने करणाऱ्याचं मूल्यमापन बदलतं, सोसणाऱ्याचं सोसणं बदलत नाही.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात मोहक आहे: या ज्ञानातून उद्या काय निघेल, कोणी सांगावं? वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्येच जन्मलं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली त्याचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. तुम्ही हा लेख वाचताय तोही त्याच कृपेने. मग एवढं देणाऱ्या संस्थेकडे थोड्या वायूचा हिशोब काय मागायचा?

यातली गफलत अशी की अनपेक्षित फळ आधीच जमेच्या बाजूला मांडता येत नाही. मांडता आलं तर ते अनपेक्षित कसलं? आणि ही सवलत एकाला दिली तर कोणाला नाकारायची? प्रत्येक प्रयोगशाळा, प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक अंतराळमोहीम म्हणेल की आमच्याकडून उद्या काहीतरी मोठं निघणार आहे. त्यांतल्या काहींच्या बाबतीत ते खरंही ठरेल. पण कर्ज काढताना 'लॉटरी लागेल तेव्हा फेडीन' हे कारण कोणती बँक ऐकून घेते?

*

म्हणजे तिन्ही सबबी गळून पडल्या. मग काय, दुकान बंद करायचं? इथे मी अडकलो, आणि पुन्हा त्या फ्रिजपाशी आलो.

फ्रिज चालवायला वायू लागतो. त्याशिवाय थंडावा नाही. पण फ्रिज चालताना वायू खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. हवेत गेलेला वायू थंडाव्याची किंमत नव्हती. तो गेला कारण परत गोळा करण्याचं यंत्र त्या मुलाकडे नव्हतं, आणि ते नव्हतं कारण कोणीच मागितलं नव्हतं.

सर्नमध्येही गोष्ट बरीचशी अशीच आहे. शोधयंत्रांतला वायू सतत बदलावा लागतो, कारण तो अशुद्ध होतो. पण त्यातला मोठा भाग शुद्ध करून पुन्हा आत सोडता येतो आणि तशा यंत्रणा तिथे आहेतही. तरी एवढा वायू बाहेर जात होता, कारण चपट्या पेट्यांना जोडलेल्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या आणि त्यांचे सांधे वर्षानुवर्षांत तडकले. त्यांतले कितीतरी सांधे अशा सांदीत आहेत की यंत्र उघडल्याशिवाय हात पोचत नाही. आणि यंत्र उघडायचं म्हणजे काही वर्षांनी येणाऱ्या दीर्घ विश्रांतीची वाट पाहायची. तोवर चालवायचं असेल, तर जेवढा गळतो तेवढा नवा भरत राहायचं. हे म्हणजे फुटक्या टाकीला नळ सुरू ठेवून भरलेली राखणं झालं.

म्हणून मला वाटतं, अशा संस्थेच्या उत्सर्जनाचे दोन ढीग करायला हवेत. एक, प्रश्नाची किंमत: जे केल्याशिवाय तो प्रश्न विचारताच येत नाही. दुसरा, सवयीची किंमत: जे आजवर कोणी विचारलं नाही म्हणून चालू राहिलं. ज्ञानाच्या मोठेपणाचा युक्तिवाद लागू होत असेल तर फक्त पहिल्या ढिगाला. दुसऱ्या ढिगाला ज्ञानाशी काही देणंघेणं नाही. तडकलेल्या नळीतून गेलेल्या वायूने कोणताही कण टिपलेला नसतो.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. हवेला ढीग कळत नाहीत. प्रश्नासाठी गेलेला किलो आणि गळतीतून गेलेला किलो सारखंच तापवतात. हे खरं आहे. या वाटणीने ओझं हलकं होत नाही. ती फक्त एवढंच सांगते की कोणत्या ओझ्याबद्दल आपण वाद घालू शकतो आणि कोणत्या ओझ्याबद्दल वाद घालायला जागाच नाही. आणि मला दिसतं ते असं की संस्था बहुधा पहिल्या ढिगाबद्दल भव्य भाषणं करतात, त्या भाषणांच्या सावलीत दुसरा ढीग वाढत राहतो.

सर्नने तो दुसरा ढीग उपसायला घेतला आहे, हे सांगितलंच पाहिजे. २०१८च्या तुलनेत थेट उत्सर्जन २०२४ अखेर २८ टक्क्यांनी आणि २०३० अखेर निम्म्याने कमी करायचं, असं उद्दिष्ट तिने स्वतःला घालून घेतलं. २०१८नंतरच्या दीर्घ विश्रांतीत गळक्या नळ्या दुरुस्त करण्याची मोहीम झाली. २०२३मध्ये अ‍ॅटलासच्या पेट्यांतल्या मिश्रणात आर-१३४एचा काही वाटा काढून तीस टक्के कार्बन डायऑक्साइड घालायला सुरुवात झाली. नव्या शोधयंत्रांचे सर्वात आतले भाग थंड ठेवायलाही आता कार्बन डायऑक्साइड वापरला जाणार आहे. ज्याच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो, तोच तिथे सुटकेचा मार्ग आहे. कारण बाकीच्यांच्या मानाने तो फारच सौम्य.

फक्त एक सावधगिरी. २०१९ ते २०२१ या काळात एलएचसी बंद होता, त्यामुळे त्या वर्षांतले आकडे आपोआपच खाली आले. आजारी माणसाचा उपास हा संयम म्हणून मोजायचा नसतो. खरी परीक्षा यंत्र जोरात चालू असलेल्या वर्षांत होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आर-१३४ए हा वायू मुळात खलनायक म्हणून आलाच नव्हता. १९८७च्या माँट्रियल कराराने ओझोनचा थर खाणारे जुने वायू मोडीत काढायला घेतले, तेव्हा त्यांच्या जागी हा सभ्य पर्याय म्हणून आला. ओझोनला त्याचा त्रास नव्हता. तो तापवतो, याची काळजी नंतर वाढली आणि २०१६च्या किगाली दुरुस्तीने यालाही उतरती कळा लावली. आता याच्या जागी ज्या नव्या वायूंचा विचार चालू आहे ते फार कमी तापवतात, पण त्यांतले काही वातावरणात मोडले की असं आम्ल तयार होतं जे पाण्यात साठून राहतं आणि सहजी नष्ट होत नाही. म्हणजे प्रत्येक पिढीचा उपाय पुढच्या पिढीचा प्रश्न होतो. यावर उपाय म्हणून मला एकच गोष्ट सुचते, आणि ती रसायनशास्त्रातली नाही. कुठलाही पर्याय 'निर्दोष' म्हणून स्वीकारायचा नाही. तो मोजत राहायचं, आणि जो वायू मुळात बाहेरच जात नाही त्याच्यापेक्षा चांगला पर्याय नाही हे विसरायचं नाही.

*

आता या सगळ्यातला मला सर्वात बोलका वाटणारा प्रसंग. २०२२च्या हिवाळ्यात युक्रेन युद्धामुळे युरोपात विजेची आणि गॅसची टंचाई होती. लोकांची घरं थंड राहतील की काय, अशी भीती होती. तेव्हा सर्नने यंत्रांची वर्षअखेरीची विश्रांती दोन आठवडे अलीकडे आणून २८ नोव्हेंबरलाच सुरू केली, आणि २०२३मध्ये यंत्रं साधारण वीस टक्के कमी चालवायचं ठरवलं. आवारातले रस्त्यांवरचे दिवे रात्री बंद केले, इमारतींची हीटिंग आठवडाभर उशिरा सुरू केली.

म्हणजे विश्वाचा प्रश्न थांबू शकतो. इतके दिवस थांबला तरी आभाळ कोसळलं नाही. शेजारच्या गावातल्या म्हातारीच्या खोलीतली ऊब त्या दिवसांत हिग्ज बोसॉनपेक्षा मोठी ठरली, आणि यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी काही बंड केलं नाही. मला यात सर्नचं खरं मोठेपण दिसतं.

पण इथेच प्रश्न टोचतो. शेजारणीसाठी थांबता येतं, तर जी अजून जन्मली नाही तिच्यासाठी का नाही? फरक काय आहे? शेजारीण दिसते. तिची वीज आणि सर्नची वीज एकाच तारेतून येते. वीजकंपनी फोन करू शकते. पन्नास हजार वर्षं टिकणाऱ्या वायूखाली जगणाऱ्यांच्या वतीने फोन करणारं कोणी नाही. आपली नीती अंतराने पातळ होत जाते. स्थळाच्या अंतराने आणि त्याहून जास्त काळाच्या. हा दोष सर्नचा नाही, माणसाचा आहे. मात्र टकरीनंतर निमिषात विरून जाणारा कण ज्यांना दिसतो, अदृश्य गोष्टींच्या खुणा वाचणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी तरी 'दिसलं नाही' ही सबब सांगू नये.

संस्थेचं आंतरराष्ट्रीय असणं इथे गुंतागुंत वाढवतं. सर्नचं आवार फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पसरलेलं आहे, आणि कोणत्याही एका देशाचा कायदा तिला साध्या कारखान्यासारखा लागू होत नाही. तिचे सुरक्षानियम बरेचसे ती स्वतः करते. दोन्ही यजमान देशांबरोबर पर्यावरणाबाबत बसून बोलायला २००७ साली एक त्रिपक्षीय समितीही झाली. पण ज्यांच्यावर बाहेरचा निरीक्षक सहजी येऊ शकत नाही, त्यांना आतला निरीक्षक जास्त कडक ठेवावा लागतो. स्वातंत्र्याची हीच अट असते. २०२०चा तो अहवाल मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो सक्तीने लिहून घेतलेला कबुलीजबाब नव्हता. मोजण्यात हयात घालवलेल्या माणसांनी मापन पहिल्यांदा स्वतःकडे वळवलं होतं. उशीर मात्र सहासष्ट वर्षांचा झाला.

*

हे सगळं लिहिताना मी काही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेलो नाही. भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. ज्या चपट्या पेट्यांबद्दल मी वर लिहिलं, त्यांतल्या सीएमएसच्या काही पेट्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जुळवून जिनिव्हाला गेल्या. आपल्याला त्या शोधाचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण मग त्या पेट्यांत भरलेला वायूही थोडा आपलाच. श्रेयात वाटा हवा आणि गळतीत नको, असं चालत नाही.

आणि पुढचा निर्णय दारात उभा आहे. एलएचसीनंतर जवळजवळ ९१ किलोमीटर परिघाचा नवा कोलायडर बांधावा का, याचा व्यवहार्यता-अहवाल २०२५च्या मार्चमध्ये आला. पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च १५ अब्ज स्विस फ्रँक. बांधला तर तो या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवायचा विचार आहे. यात गळक्या नळ्यांचा प्रश्न नाही. नळ्या आता चांगल्याच बसवतील. यात सिमेंट आहे, पोलाद आहे, खणून काढलेले दगड आहेत, दशकानुदशकांची वीज आहे. हा पहिला ढीग आहे: प्रश्नाची किंमत. इथे सवयीवर खापर फोडून सुटता येणार नाही. तो प्रश्न तेवढ्या किमतीचा आहे का, हे विचारावंच लागेल.

माझं उत्तर? मला ते यंत्र झालेलं आवडेल. पदार्थाला वस्तुमान कुठून येतं, हा प्रश्न ज्या प्रजातीला पडतो त्या प्रजातीत जन्मल्याचं मला बरं वाटतं. सगळा खर्च भाकरीवरच व्हावा असं म्हणणारा मी नाही. तसं असतं तर ज्ञानेश्वरी लिहिली गेली नसती. पण 'मला आवडेल' आणि 'मला हक्क आहे' या दोन वाक्यांमध्ये फार मोठं अंतर आहे. ते अंतर पार करायचं तर किंमत मोजणाऱ्यांपुढे हिशोब मांडावा लागेल. त्यांत सदस्य देशांचे करदाते येतात. पण ज्यांचा देश यादीत नाही, ज्यांच्या शेतावरचा पाऊस बिघडतो आणि ज्यांना कोलायडर हा शब्दही माहीत नाही, तेही येतात. त्यांची संमती कशी घ्यायची, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण ती घ्यायची असते एवढं आठवणीत ठेवलं तरी भाषा बदलते. 'विज्ञानासाठी हे करावंच लागतं' असं म्हणणं आणि 'आम्ही तुमच्याकडून हे उसनं घेतो आहोत, इतकं घेतलं, इतकं वाया घालवलं' असं म्हणणं, यांत फरक आहे. दुसरं वाक्य बोलणाऱ्याला उद्या कमी मागावं लागतं.

नव्या फ्रिजच्या पाटीवर आता दुसरा वायू लिहिलेला असतो: आयसोब्युटेन, आर-६००ए. तोच, जो त्या पेट्यांत पाच टक्के असतो. तो फारसा तापवत नाही. माझ्या जुन्या फ्रिजमध्ये मात्र त्या दिवशी पुन्हा आर-१३४एच भरला गेला. बिल दिल्यावर मी त्या मुलाला विचारलं, "जुना गॅस परत भरून घ्यायचं मशीन मिळतं का रे?"

"मिळतं की काका," तो म्हणाला. "पण आजवर कोणी विचारलं नाही."